तीन तासांचे लग्न, साडेसात तासांचा रेंडर

मे महिन्याच्या मुहूर्तांची लग्ने अजून मिक्सिंगला पडलेली असतात, तोवर ज्येष्ठ सरत येतो आणि माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला मुक्कामी येते. गावातल्या फोटो स्टुडिओवाल्यांसाठी वर्षातले हे सर्वांत ओढाताणीचे आठवडे. एकीकडे तीन-तीन तासांच्या लग्नाच्या फिल्मा, दुसरीकडे आजच्या आज लोकांच्या मोबाइलवर पोचायला हवे असलेले मिनिटभराचे चित्रण. दोन्ही कामे एकाच पीसीवर होतात आणि दोन्हींबद्दल तक्रारही एकच असते : रेंडरिंगला फार वेळ लागतो.

तक्रारीवर ठरलेला उपायही एकच, मोठे ग्राफिक कार्ड. कार्ड येते, पैसे जातात, आणि पुष्कळदा वेळ होता तेवढाच राहतो. यात कार्डाचा दोष नाही. रेंडरिंग ही अनेक कामांची साखळी आहे. त्यातले कोणते काम अडले आहे हे न पाहता भलत्याच कामाचा वेग वाढवला, तर घड्याळावर त्याचा परिणाम दिसत नाही. लग्नाच्या फिल्मेत साखळी जिथे अडते, तिथे पालखीच्या चित्रणात ती अडत नाही. म्हणून एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. या लेखात हा हिशोब क्रमाने मांडायचा आहे.

रेंडर दोन, गोंधळ एक

बोलताना आपण दोन वेगळ्या गोष्टींना रेंडर म्हणतो. एक, एडिटिंग चालू असताना टाइमलाइन अडखळू नये म्हणून मधल्यामध्ये केलेला तात्पुरता रेंडर. प्रीमियर प्रोमध्ये टाइमलाइनवर लाल पट्टी दिसली की तेवढा भाग सलग चालण्याची खात्री नाही. रेंडर केल्यावर ती हिरवी होते. दुसरा रेंडर म्हणजे अखेरचे एक्सपोर्ट, ज्यातून ग्राहकाच्या हाती द्यायची फाइल तयार होते.

प्रॉक्सीबद्दलचा गैरसमज याच गोंधळातून येतो. मूळ जड फुटेजच्या हलक्या प्रती बनवून त्यांवर एडिटिंग करणे म्हणजे प्रॉक्सी. त्यामुळे माणसाचा वेळ वाचतो, माउस ओढला की चित्र लगेच सरकते, चिडचिड कमी होते. पण अखेरचे एक्सपोर्ट मूळ फुटेजवरूनच होते, आणि व्हायलाही हवे. प्रॉक्सी केल्या तरी एक्सपोर्ट लवकर झाले नाही म्हणून हळहळण्यात अर्थ नाही. ते त्यांचे कामच नव्हते. उलट चुकून प्रॉक्सीवरूनच एक्सपोर्ट गेले, तर वेळ वाचेल आणि नवरीच्या शालूची जर धुरकट होईल.

पुढचे सगळे विवेचन एक्सपोर्टचे आहे. तात्पुरत्या रेंडरची एक गोष्ट मात्र सांगायला हवी. तो योग्य कोडेकमध्ये, म्हणजे चित्र दाबून भरण्याच्या योग्य पद्धतीत, करून ठेवला असेल, तर एक्सपोर्टच्या वेळी त्याच फाइली वापरण्याची सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये आहे. जेवायला उठताना जड भाग रेंडरला टाकला, तर रात्रीच्या एक्सपोर्टचा तेवढा भार आधीच हलका होतो.

फ्रेमचा हिशोब

तीन तासांची फिल्म सेकंदाला २५ फ्रेमने धरली तर २,७०,००० फ्रेम होतात. एका फ्रेमला ४० मिलिसेकंद लागले तर फिल्म तीन तासांत तयार होईल, म्हणजे जितकी लांबी तितकाच वेळ. टेपच्या काळात हेच प्रमाण होते : दोन प्लेअर, मधे मिक्सर, पुढे रेकॉर्डर, आणि तीन तासांच्या कॅसेटला पूर्ण तीन तास. एका फ्रेमला १०० मिलिसेकंद लागले तर साडेसात तास, २० लागले तर दीड तास. डोळ्याची पापणी लवण्याइतका वेळही नाही, पण पावणेतीन लाखांच्या घरातल्या फ्रेमांनी तो गुणला जातो. रात्री नऊला लावलेले काम साडेदहाला संपणार की पहाटे साडेचारला, हे त्यावर ठरते.

आता ही फ्रेम केवढी असते तेही पाहू. फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात. फोर-के चित्रात ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख, बरोबर चौपट. सॉफ्टवेअर रंग बारकाईने हाताळते तेव्हा एका पिक्सेलला १६ बाइट लागतात, म्हणजे फोर-केची एक फ्रेम मेमरीत १३३ मेगाबाइट जागा घेते. अशा पंचवीस फ्रेम दर सेकंदाला इकडून तिकडे हलवायच्या म्हणजे सव्वातीन गिगाबाइटहून जास्त वाहतूक झाली. कार्डावर दोन कॅमेऱ्यांचे फुटेज, नावाची पट्टी आणि फुलांची चौकट एकाच वेळी आली की चार गिगाबाइटची मेमरी का भरते, हे यावरून कळते.

ग्राहकाला फोर-के हवे असते का, हा प्रश्न इथेच विचारून घ्यावा. बहुतेक घरांत फिल्म पेनड्राइव्हवरून टीव्हीवर पाहिली जाते. त्यातले बरेच टीव्ही जुने असतात आणि फोर-केची एच.२६५ फाइल उघडतही नाहीत. फुल एचडीत दिलेली एच.२६४ फाइल मात्र जवळपास सगळीकडे चालते. हे मानक २००३ सालचे आहे, त्यामुळे घरातल्या सर्वांत जुन्या टीव्हीलाही ते ओळखीचे असते. फिल्म फुल एचडीत द्यायचे ठरले की टाइमलाइनही फुल एचडीची ठेवावी. चित्रीकरण फोर-केत असले तरी चालते, फ्रेम कापून जवळचा शॉट काढायला ते सोयीचेच पडते. पण रंगाचे, चौकटीचे, नावांचे सगळे काम एकचतुर्थांश पिक्सेलांवर होते. रेंडरिंगचा वेळ कमी करणारा सर्वांत मोठा एकच निर्णय सांगा म्हटले तर मी हाच सांगेन. त्याला एक पैसाही लागत नाही, ग्राहकाशी आधी दोन मिनिटे बोलावे लागते.

साखळीतले चार दुवे

एक्सपोर्टमध्ये प्रत्येक फ्रेम चार टप्प्यांतून जाते. डिस्कवरून फाइल वाचणे. तिच्यातले दाबून भरलेले चित्र उलगडणे, म्हणजे डीकोड. त्यावर रंग, चौकटी, नावे, ट्रान्झिशन यांचे संस्कार करणे. आणि तयार चित्र पुन्हा दाबून फाइलीत भरणे, म्हणजे एन्कोड. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये हे टप्पे एकाच वेळी वेगवेगळ्या फ्रेमांवर चालू असतात, म्हणून एकूण वेग सर्वांत मंद टप्प्याइतका राहतो. लोणंदच्या बाजार समितीत कांद्याच्या ट्रॉल्या कितीही आल्या आणि हमाल कितीही असले, तरी काटा एकच असेल तर रांग काट्याच्या वेगाने सरकते. हमाल वाढवून उपयोग नसतो.

हाच विचार संगणकशास्त्रात जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडला. कामाचा एखादा भाग कितीही वेगवान केला तरी एकूण फायदा त्या भागाच्या वाट्यापुरताच मिळतो. एकूण वेळेतला २० टक्के वेळ एन्कोडला जात असेल, तर जगातले सर्वांत वेगवान कार्ड बसवून एन्कोड शून्य वेळेत केले तरी उरलेले ८० टक्के जागच्या जागी राहतात.

डिस्कचा टप्पा आधी निकालात काढतो, कारण त्याच्यावर पैसे फार खर्च होतात आणि दोष त्याचा क्वचित असतो. कॅमेऱ्याचे फोर-के फुटेज सेकंदाला १०० मेगाबिटचे असेल तर ते साडेबारा मेगाबाइट झाले. साधी फिरती हार्डडिस्कही सलग वाचताना सेकंदाला शंभरेक मेगाबाइट देते. म्हणजे एका कॅमेऱ्याच्या सरळ फिल्मेत डिस्क बसून असते. एसएसडी घेतल्याने सॉफ्टवेअर लवकर उघडेल आणि पीसी चपळ वाटेल, पण एक्सपोर्टच्या वेळेत फारसा फरक पडणार नाही. चार कॅमेऱ्यांचे फुटेज एकत्र चालू असेल, किंवा वाचणे आणि लिहिणे एकाच जुन्या डिस्कवर असेल, तेव्हा गोष्ट वेगळी.

डीकोडचा टप्पा गेल्या काही वर्षांत त्रासदायक झाला आहे. एच.२६४ आणि २०१३ चे एच.२६५ या पद्धतींत प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. एक फ्रेम पूर्ण, आणि तिच्या मागेपुढे फक्त बदल. त्यामुळे फाइल लहान होते, पण एखादी फ्रेम हवी असेल तर तिच्या आधीच्याही उलगडाव्या लागतात. उलटे चालवलेले शॉट किंवा वेग सारखा बदलणारे शॉट म्हणूनच अंगावर येतात. त्यात नव्या मिररलेस कॅमेऱ्यांनी १० बिट आणि चार-दोन-दोन रंगाचे फुटेज आणले. रंग सुधारायला ते उत्तम, पण ते उलगडणारे सर्किट प्रत्येक चिपमध्ये नसते. एनव्हिडियाच्या साध्या ग्राफिक कार्डांत ही सोय २०२५ च्या ५० मालिकेपर्यंत नव्हती. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत, अंगभूत ग्राफिक्समध्ये, ती ११व्या पिढीपासून आहे, पण फुटेज एच.२६५ चे असेल तरच. महागडे कार्ड शांत आणि प्रोसेसर शंभर टक्के तापलेला, असे दृश्य दिसले की बहुधा हेच कारण असते.

इथे खरेदीतली एक बारीक पण महाग पडणारी चूक सांगतो. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ हे अक्षर असते त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते. तो थोडा स्वस्त मिळतो, आणि "वेगळे कार्ड घेताच आहात, मग अंगभूत कशाला," असे दुकानदार प्रामाणिकपणे सांगतो. गेम खेळणाऱ्याला तो सल्ला बरोबर आहे. मिक्सिंगवाल्याने मात्र इंटेलने २०११ पासून आपल्या चिपमध्ये दिलेली क्विक सिंक ही डीकोड-एन्कोडची सोयच गमावली. एडियस या एडिटिंग सॉफ्टवेअरवर काम करणारे याच क्विक सिंकच्या जोरावर एच.२६४ एक्सपोर्ट करतात. काहींच्या पीसीत प्रोसेसर योग्य असतो, पण वेगळे कार्ड बसवताना बायोसमध्ये अंगभूत ग्राफिक्स बंद झालेले असते. तिथे एक पर्याय बदलला की विकत घेतलेली आणि झोपलेली चिप जागी होते.

संस्कारांचा खर्च

तिसऱ्या टप्प्यावर लिहावे तितके थोडे आहे, कारण लग्नाच्या फिल्मेत वेळ सर्वांत जास्त इथेच जातो आणि तोही नकळत.

सगळे इफेक्ट सारखे महाग नसतात. रंगाची सुधारणा किंवा लट (एलयूटी, म्हणजे रंगांचा तयार साचा) लावणे ग्राफिक कार्डाला फुकटात जमते, कारण प्रत्येक पिक्सेल स्वतंत्रपणे बदलता येतो. शेजारी कोण आहे, आधी काय होते, हे पाहावे लागत नाही. नॉइज काढण्याचे तसे नाही. चांगली नॉइज-सफाई एका फ्रेमसाठी मागच्या-पुढच्या काही फ्रेमाही तपासते आणि हललेली वस्तू कुठून कुठे गेली हे शोधते. साध्या फुटेजवरून नकली स्लो मोशन काढणेही याच जातीचे. हे एक-दोन इफेक्ट बाकीच्या साऱ्यांच्या बेरजेपेक्षा जास्त वेळ खाऊ शकतात.

दुसरा छुपा खर्च फोटोंचा. लग्नाच्या फिल्मेत सुरुवातीला आणि मधे अल्बमचे फोटो फिरतात. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० गुणिले ४००० चा असतो, म्हणजे फुल एचडी फ्रेमच्या साडेअकरा पट. तयार प्रोजेक्टच्या चौकटीत असे आठ फोटो टाकले की पडद्यावर दिसायला प्रत्येक फोटो तळहाताएवढा, पण मागे यंत्र दर फ्रेमला १९ कोटींवर पिक्सेल लहान करत बसते. फोटो आधीच टाइमलाइनच्या दीड-दोन पट मापात आणून ठेवले, तर झूमला पुरेशी जागा राहते आणि हा भार जातो. फुलांच्या, मोरपिसांच्या, सोनेरी कणांच्या पारदर्शक क्लिपांचेही तसेच. बाजारात मिळणाऱ्या त्यांच्या संचांत पुष्कळ क्लिपा क्विकटाइमच्या जुन्या अॅनिमेशन कोडेकमध्ये असतात. फाइल अवाढव्य आणि उलगडायला मंद. नेहमीच्या वीस-पंचवीस क्लिपा एकदाच एडियसच्या एचक्यूएक्स किंवा प्रोरेस ४४४४ मध्ये बदलून ठेवाव्यात. पुढच्या प्रत्येक लग्नात त्याचे फळ मिळते.

तिसरा खर्च इफेक्टच्या क्रमात दडलेला असतो. काही इफेक्ट ग्राफिक कार्डावर चालतात, काही जुने फक्त प्रोसेसरवर. कार्डावरच्या दोन इफेक्टच्या मधे एक प्रोसेसरवाला आला की ती अवजड फ्रेम कार्डातून मेमरीत उतरते आणि पुन्हा वर चढते. इफेक्टच्या यादीत प्रवेगाची खूण पाहून निवड केली तर हा हेलपाटा वाचतो.

दोन मिनिटांची चाचणी

आपल्या पीसीत काटा कुठे अडला आहे हे ओळखायला महागडे साधन लागत नाही. फिल्ममधला एक प्रातिनिधिक तुकडा निवडायचा, दोन मिनिटांचा, म्हणजे ३,००० फ्रेमचा. तो जसाच्या तसा एक्सपोर्ट करून वेळ लिहायचा. मग एकेक इफेक्ट बंद करून तोच तुकडा पुन्हा काढायचा. शेवटी सगळे इफेक्ट बंद. हे चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर, डिस्क, आणि कार्डाच्या पानावरचे व्हिडिओ डीकोड व व्हिडिओ एन्कोड हे आलेख पाहायचे. जो सतत शंभराला चिकटलेला, तो अडलेला.

समजा, पूर्ण तुकड्याला ३०० सेकंद लागले, नॉइज-सफाई बंद केल्यावर १००, आणि सगळेच इफेक्ट बंद केल्यावर ९०. म्हणजे फ्रेममागे १०० मिलिसेकंदांतले ६७ एकट्या नॉइज-सफाईचे, बाकी सगळी सजावट मिळून तीनच, आणि उरलेले तीस डीकोड-एन्कोडचे. फुले-मोरपिसे कमी करून इथे काहीच हाती लागणार नाही. आता प्रश्न असा की नॉइज-सफाई हवी कुठे? दुपारच्या मंडपात अक्षता पडल्या तिथे उजेड भरपूर होता. गरज आहे ती रात्रीच्या वरातीला, तीही समजा वीस मिनिटांची. सवय मात्र अशी की इफेक्ट एका अॅडजस्टमेंट लेअरवर टाकून तो लेअर पूर्ण टाइमलाइनवर ताणून द्यायचा. तो कापून फक्त वरातीवर ठेवला तर ३०,००० फ्रेमांना १०० मिलिसेकंदांप्रमाणे ३,००० सेकंद, आणि उरलेल्या २,४०,००० फ्रेमांना ३३ प्रमाणे सुमारे ८,०००. एकूण ११,००० सेकंद, म्हणजे तीन तास आणि वर तीन मिनिटे. साडेसात तासांचे काम तीन तासांवर आले, नवे काही न घेता.

असा आकडा वहीत लिहिलेला असला की पुढचा निर्णय सोपा होतो. उरलेल्या ३३ मिलिसेकंदांत तीस डीकोड-एन्कोडचे आहेत, तेव्हा आता हार्डवेअर एन्कोडिंगकडे वळायला अर्थ आहे. आधी वळलो असतो तर साडेसात तासांतला जेमतेम थोडा भाग हलला असता.

एन्कोड आणि बिटरेट

एन्कोड प्रोसेसरकडून करून घेता येते किंवा चिपमधल्या खास सर्किटकडून, म्हणजे इंटेलचे क्विक सिंक किंवा एनव्हिडियाचे २०१२ पासूनचे एनव्हेंक. सर्किट कितीतरी वेगवान असते. त्याच बिटरेटला, म्हणजे सेकंदाला तेवढ्याच बिटांत, प्रोसेसरने सावकाश केलेले एन्कोड थोडे सरस दिसते, हे खरे. पण पेनड्राइव्हवर जागा असते; बिटरेट थोडा वाढवून दिला की टीव्हीसमोर बसलेल्याला फरक कळत नाही. टू-पास एन्कोडिंगचा आग्रह आता सोडावा. त्यात यंत्र पूर्ण फिल्म दोनदा चाळते आणि वेळ जवळजवळ दुप्पट होतो. डीव्हीडीवर ४.७ गिगाबाइटमध्ये तीन तास कोंबायचे होते तेव्हा त्याला अर्थ होता.

बिटरेट कमी केला की रेंडर लवकर होतो, अशीही एक समजूत आहे. फाइल लहान होते, पण तेवढ्याच पिक्सेलांवर तेवढेच गणित चालते. वेळ नगण्य कमी होतो. लग्नाच्या फिल्मेत बिटरेटचा संबंध पेनड्राइव्हशी आहे. सेकंदाला ८ मेगाबिटप्रमाणे तीन तासांची फाइल १०.८ गिगाबाइटची होते, आणि टीव्हीला सर्वांत चालणाऱ्या फॅट-३२ पद्धतीत एका फाइलीची मर्यादा ४ गिगाबाइट आहे. म्हणजे फिल्मचे तासातासाचे तीन भाग तसेही करावेच लागतात.

लाइट, उन्हाळा आणि आत्याचे नाव

आता पुस्तकात नसलेला भाग. रात्री दहाला एक्सपोर्ट लावले, पहाटे लाइट गेली. एमपीफोर फाइलमध्ये कोणती फ्रेम कुठे आहे याची अनुक्रमणिका सर्वसाधारणपणे अगदी शेवटी लिहिली जाते. ती लिहायच्या आत पीसी बंद पडला तर नव्वद टक्के झालेली फाइलही उघडत नाही. तीन तासांच्या सलग एक्सपोर्टला शेवटच्या मिनिटापर्यंत हा धोका असतो.

यावरचा उत्तम उपाय विधींनी आपल्याला आयताच दिला आहे. हळद, साखरपुडा, लग्न, वरात, असे भाग वेगवेगळे एक्सपोर्ट करायचे आणि रांगेत लावायचे. लाइट गेली तर चालू भाग जाईल, झालेले राहतील. सगळ्या भागांचे कोडेक, माप, फ्रेमरेट आणि ऑडिओची मांडणी एकच ठेवली, तर ते पुन्हा एन्कोड न करता नुसते जोडता येतात. एफएफएमपेग हे मोफत साधन ते काम जवळपास फाइल कॉपी करण्याच्या वेळेत करते.

पण खरा फायदा पुढे आहे. फिल्म दिल्यावर तिसऱ्या दिवशी फोन येतो : "दादा, आमच्या आत्यांचं आडनाव चुकलंय पट्टीत." सलग फाइल असेल तर एका अक्षरासाठी तीन तास. भाग केलेले असतील तर साखरपुड्याचा वीस मिनिटांचा तुकडा काढला, जोडला, काम झाले. लग्नाच्या धंद्यात एकच फिल्म दोनदा-तीनदा एक्सपोर्ट होतेच. तेव्हा एका एक्सपोर्टला किती वेळ लागतो यापेक्षा एका दुरुस्तीला किती लागतो, हे माप मी जास्त महत्त्वाचे मानतो.

उन्हाळ्याबद्दल थोडक्यात. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचला की स्वतःच्या बचावासाठी गती उतरवतो. मेच्या दुपारी पत्र्याच्या गाळ्यात, पंख्याच्या जाळीवर वर्षभराची धूळ घेऊन बसलेल्या लॅपटॉपला पहिल्या दहा मिनिटांत जो वेग मिळतो तो तासाभराने नसतो. ब्रश आणि ब्लोअरने जाळी साफ करणे हे सर्वांत स्वस्त अपग्रेड.

पालखीचे गणित वेगळे

लोणंदचा मुक्काम आटोपून पालखी तरडगावकडे निघते आणि वाटेत चांदोबाच्या लिंबाला पहिले उभे रिंगण होते. त्या रिंगणाचे उभे, मिनिटभराचे चित्रण तासाभरात लोकांपर्यंत गेले तरच त्याला मोल. इथे एकूण फ्रेम १,५००. फ्रेममागे ३३ मिलिसेकंद धरले तरी ५० सेकंदांत एक्सपोर्ट संपते. रेंडरिंग ही इथे अडचणच नाही.

अडचण नेटवर्कची आहे. लाखो वारकरी आणि त्यांच्या खिशातले मोबाइल एका गावात आले की अपलोडचा वेग कोसळतो. सेकंदाला १० मेगाबिटप्रमाणे मिनिटाची फाइल ७५ मेगाबाइटची. वर जायला सेकंदाला एकच मेगाबिट मिळत असेल तर तिला ६०० सेकंद, म्हणजे दहा मिनिटे. तेव्हा जो बिटरेट लग्नाच्या फिल्मेत वेळेच्या दृष्टीने निरुपयोगी ठरला, तोच इथे सर्वस्व आहे. तो निम्मा केला की पाच मिनिटे सरळ वाचतात. एच.२६५ साधारण निम्म्या बिटरेटमध्ये तितकीच प्रत देते. एन्कोडला दुप्पट वेळ लागला, म्हणजे आणखी पन्नास सेकंद गेले, तरी हा सौदा फायद्याचा. प्रोसेसरवर सावकाश केलेले एन्कोडही इथे परवडते. लग्नाला दिलेला सल्ला इथे जवळजवळ उलटा होतो, तो याच कारणाने.

कॅमेऱ्यापासूनच

वेळेची बचत शूटिंगच्या सकाळीच ठरते, हे मिक्सिंग आणि शूटिंग वेगळी माणसे करत असली की विसरले जाते. ट्रायपॉडवर दोन तास उभ्या असलेल्या विधीच्या कॅमेऱ्याला १० बिट चार-दोन-दोनची गरज नसते. ८ बिट, २५ फ्रेम पुरते. जड फुटेज सिनेमॅटिक शॉटपुरते राखावे. सगळ्या कॅमेऱ्यांचा फ्रेमरेट एक ठेवावा, आणि आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने तो २५ किंवा ५० असावा, म्हणजे मंडपातल्या एलईडी दिव्यांची लुकलुकही कमी त्रास देते. पाहुण्यांनी मोबाइलवर काढलेल्या क्लिपांचा फ्रेमरेट बदलता असतो. त्या टाइमलाइनवर घेण्याआधी स्थिर फ्रेमरेटमध्ये बदलाव्यात, नाहीतर आवाज सरकतो आणि सगळे दुसऱ्यांदा करावे लागते. वरातीला मोठ्या तोंडाची लेन्स आणि एक जादा लाइट नेली तर नॉइज-सफाईचे ते ६७ मिलिसेकंद मुळातच लागत नाहीत.

खरेदीचा क्रम मग असा येतो. पहिले चांगला यूपीएस, कारण वाया गेलेल्या एक्सपोर्टइतका मंद एक्सपोर्ट दुसरा नाही. त्यानंतर ३२ गिगाबाइट रॅम आणि अंगभूत ग्राफिक्स असलेला प्रोसेसर. ग्राफिक कार्ड शेवटी, आणि तेही दोन मिनिटांच्या चाचणीत आपले काम कार्डाशीच अडते आहे असे दिसले तर. ही चाचणी तुळशीच्या लग्नाआधी, हातात काम कमी असताना करून घ्या आणि आकडे वहीत तारीख घालून लिहून ठेवा. पुण्याला कार्ड घ्यायला जाल तेव्हा ती वही बरोबर न्या.